थ्रेड : लिनक्सच्या पडद्यावरील अक्षरांचा इतिहास, आणि एक तक्रार

१/
मित्रहो, ताम्रपट, शिक्के, मोडीची वळणे यांवर आपण बरेच बोलतो. आजचा विषय त्या मानाने कालपरवाचा आहे. संगणकाच्या पडद्यावर अक्षर कसे उमटते आणि लिनक्सवर ते उमटवण्याची रीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कशी बदलत गेली, हा तो विषय.

‘लिनक्सवर फॉन्ट घाणेरडे दिसतात’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यामागचे रूढ कारणही ठरलेले असते : फुकटची वस्तू, हौशी लोकांनी बांधलेली, त्यांना सौंदर्यदृष्टी कुठली असणार? माझे म्हणणे असे की, दोष खरा होता, पण कारण साफ चुकीचे आहे. आणि चुकीचे कारण रूढ झाल्यामुळे आज पुन्हा घडत असलेली एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

२/
सुरुवात एक्स विंडो प्रणालीपासून. १९८४ मध्ये एमआयटीत तिचा जन्म झाला आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. तीच ‘एक्स इलेव्हन’ पुढे लिनक्सच्या पडद्यामागे दशकानुदशके उभी राहिली.

या व्यवस्थेत फॉन्ट पडदा सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या ताब्यात असत. प्रोग्रॅमने फक्त सांगायचे, ‘अमुक नावाचा फॉन्ट घे आणि ही अक्षरे काढ’. ते नावही साधे नव्हते. निर्माता, घराणे, जाडी, तिरकेपणा, आकार अशी चौदा रकान्यांची, मधे आडव्या रेघा टाकलेली लांबलचक ओळ. एखाद्या सनदेवरच्या बिरुदावलीची आठवण व्हावी अशी!

३/
ही अक्षरे बिटमॅप होती, म्हणजे ठिपक्यांची. ठिपका एकतर काळा किंवा पांढरा, मधले काही नाही. आज ती पाहून हसू येते, पण त्यांना कुरूप म्हणणे मला मान्य नाही. प्रत्येक आकारासाठी प्रत्येक ठिपका माणसाने विचारपूर्वक बसवलेला होता. टर्मिनलमधला ‘फिक्स्ड’ नावाचा फॉन्ट आजही वापरणारे लोक आहेत.

छापखान्यात खिळे पाडणारे कारागीर हेच करत. निर्णयसागरच्या जावजी दादाजींच्या काळातील ओतशाळा डोळ्यांसमोर आणा. लहान आकाराचा खिळा म्हणजे मोठ्या खिळ्याची नुसती छोटी प्रत नव्हे. लहान आकारात पोकळ्या थोड्या मोकळ्या ठेवाव्या लागतात, बारीक रेषा किंचित जाड करावी लागते, नाहीतर शाई भरून अक्षर गिचमिड होते. प्रत्येक आकाराचा साचा स्वतंत्र कोरावा लागतो. बिटमॅप फॉन्ट हा त्याच परंपरेतला.

४/
मग बाह्यरेषांचे फॉन्ट आले. ठिपके साठवण्याऐवजी अक्षराच्या कडांची वक्ररेषा गणिताने साठवायची आणि हव्या त्या आकारात ती भरून काढायची. ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट आधीपासून होतीच. ॲपलने ट्रूटाइप हे तंत्र तयार केले, ते मायक्रोसॉफ्टलाही दिले, आणि १९९१ मध्ये मॅकवर तर १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर ते घरोघरी पोहोचले.

एकाच रेखाटनातून सर्व आकार! पण खिळे पाडणाऱ्या कारागिराची अडचण त्यामुळे संपली नाही, ती फक्त दुसरीकडे गेली.

५/
हा भाग जरा सावकाश वाचा, कारण पुढची सगळी भांडणे इथूनच निघतात.

त्या काळच्या पडद्यावर एका इंचात साधारण ९६ ठिपके, म्हणजे पिक्सेल, धरले जात. दहा पॉइंटाच्या अक्षराला उंचीचे जेमतेम १३ पिक्सेल मिळतात. गणिताने काढलेली उभी रेषा १.४ पिक्सेल रुंद निघाली, तर करायचे काय? एक पिक्सेल काळा केला तर अक्षर रोड होते, दोन केले तर लठ्ठ. आणि ‘n’ या रोमन अक्षराच्या एका पायाला एक पिक्सेल व दुसऱ्याला दोन मिळाले, तर ते लंगडते.

यावर ट्रूटाइपने शोधलेला उपाय असा : फॉन्टच्या पोटातच छोटे छोटे प्रोग्रॅम ठेवायचे. ‘या आकाराला ही रेषा पूर्ण एका पिक्सेलवर आणून बसव, हे दोन पाय सारख्याच जाडीचे ठेव’ अशा सूचना. यालाच हिंटिंग म्हणतात. खिळे पाडणाऱ्याचे शहाणपण आज्ञावलीत उतरवलेले! मॅथ्यू कार्टर यांनी रेखाटलेले व्हर्डाना आणि जॉर्जिया हे १९९६ चे फॉन्ट त्या काळच्या पडद्यावर इतके स्वच्छ दिसत, त्याचे निम्मे श्रेय त्यांच्या सूचना हाताने लिहिणाऱ्या टॉम रिकनर यांना जाते. त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतले.

६/
या सूचना वाचून पाळण्यासाठी एक दुभाषा लागतो. तांत्रिक भाषेत बाइटकोड इंटरप्रिटर. विंडोजकडे तो होता, मॅककडे होता. लिनक्सचे काय?

लिनक्सकडेही होता. हेच तर सांगायचे आहे.

७/
१९९६ मध्ये डेव्हिड टर्नर यांनी फ्रीटाइप हा प्रकल्प सुरू केला. रॉबर्ट विल्हेल्म आणि वर्नर लेमबर्ग त्यात आले. ट्रूटाइपचा तपशील जाहीर होता. तो वाचून त्यांनी दुभाषा लिहिला आणि तो नीट चालत होता.

पण त्या सूचना पाळण्याच्या काही पद्धतींवर ॲपलची पेटंटे होती. पुस्तक छापून वाटले, पण ते मोठ्याने वाचण्याचा हक्क राखून ठेवला, असा हा प्रकार. हे ध्यानात आल्यावर फ्रीटाइपच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे २००० नंतर, दुभाषा मूळ संहितेत ठेवला गेला, पण बंद करून. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये एक ओळ होती आणि त्या ओळीभोवती टिप्पणीची चिन्हे होती. चिन्हे काढा, सॉफ्टवेअर पुन्हा बांधा, की अक्षरे सुधारली. चिन्हे तशीच राहिली, की अक्षरे वेडीवाकडी.

८/
इतिहासाच्या अभ्यासकाला याहून बोलका पुरावा कुठे मिळणार? कारागिराला येत होते. त्याने करूनही ठेवले होते. फक्त ते झाकून ठेवावे लागले होते. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन प्रतींत अक्षरे वेगळी दिसत, ती बांधणाऱ्याने कायद्याची किती जोखीम पत्करली त्यावरून. ‘हौशी लोकांना सौंदर्यदृष्टी नसते’ असे म्हणणाऱ्यांनी ती टिप्पणीची चिन्हे एकदा पाहावीत.

टर्नर यांनी पर्यायही काढला : स्वयंचलित हिंटिंग. फॉन्टच्या पोटातल्या सूचना वाचायच्याच नाहीत, अक्षराचा आकार पाहून यंत्रानेच पाया, माथा आणि उभ्या रेषा ओळखायच्या आणि पिक्सेलांवर बसवायच्या. पेटंटाच्या भिंतीला वळसा घालून काढलेली ही वाट पुढे इतकी चांगली निघाली की भिंत पडल्यावरही अनेकांनी ती सोडली नाही.

९/
याच सुमारास दुसरा एक मोठा बदल घडला. कीथ पॅकर्ड यांनी एक्स प्रणालीला रेंडर नावाची जोड दिली आणि एक्सएफटी हे साधन लिहिले (२०००). काळ्यापांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा वापरून अक्षराच्या कडा मऊ करणे आता शक्य झाले. त्यानंतर आले फॉन्टकॉन्फिग. फॉन्टची सत्ता सर्व्हरकडून निघून प्रोग्रॅमकडे आली. चौदा रकान्यांची बिरुदावली इतिहासजमा झाली. २००२ मध्ये ग्नोमची दुसरी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात पँगो होते. पँगो हे मजकुराची जुळणी करणारे साधन, नाव ग्रीक ‘पान’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा यांवरून. हे नाव लक्षात ठेवा, देवनागरीकडे वळताना लागेल.

१०/
फॉन्टचाही तुटवडा होता. मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून काही फॉन्ट वेबसाठी म्हणून मोफत ठेवले होते. २००२ मध्ये ते उतरवून घेण्याची सोय त्यांनी बंद केली, पण मूळ संचिका आहे तशी वाटण्यास परवान्याने मुभा होती. म्हणून लिनक्सवाले विंडोजची स्थापना-संचिका आणून तिच्या पोटातून एरियल आणि व्हर्डाना काढून घेत. २००३ मध्ये बिटस्ट्रीम कंपनीने व्हेरा हे घराणे मुक्त केले, त्याचा विस्तार डेजाव्हू या नावाने झाला, २००७ मध्ये रेड हॅटने लिबरेशन आणले.

व्हेरामध्ये उत्तम प्रतीच्या हिंटिंग सूचना होत्या. पण ज्या संगणकावर दुभाषा बंद, तिथे त्या मुक्याच राहिल्या. दानात मिळालेल्या ग्रंथाला कुलूप लागलेले असावे तसे.

११/
भिंत एकच नव्हती. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने क्लिअरटाइप जाहीर केले. एलसीडी पडद्याचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या सुट्या सुट्या वापरल्या, तर आडव्या दिशेने अक्षराला तिप्पट बारकावा मिळतो. कल्पना सुरेख होती आणि तीवरही पेटंटे होती. परिणाम तोच : फ्रीटाइपमध्ये संहिता आहे, पण मूळ प्रतीत बंद. काही वितरणांनी ती उघडली, काहींनी नाही. २०१० च्या आसपास ‘इन्फिनॅलिटी’ नावाची ठिगळे लोकप्रिय झाली. ती लावली की लिनक्सची अक्षरे विंडोजसारखी, मॅकसारखी किंवा आपल्याला हवी तशी करून घेता येत. पोरे रात्र रात्र जागून ती जुळवाजुळव करीत. मीही केली आहे, लपवत नाही.

१२/
पुढचे थोडक्यात. मे २०१० मध्ये ॲपलची पेटंटे संपली आणि जुलैत आलेल्या फ्रीटाइप २.४ मध्ये दुभाषा मुळातूनच सुरू झाला. २०१३ मध्ये ॲडोबीने आपले अक्षरे उमटवण्याचे इंजिन फ्रीटाइपला दिले. २०१६ च्या २.७ या आवृत्तीत क्लिअरटाइपच्या वळणाचे हिंटिंग आपोआप लागू झाले. २०१७ मध्ये ‘हार्मनी’ ही पेटंटाला न शिवणारी रंगपट्ट्यांची पद्धत आली. २०१९ पर्यंत क्लिअरटाइपची पेटंटेही मुदतबाह्य झाली.

भिंती पडल्या होत्या. दुभाषा मोकळा होता. रोमन लिपीची अक्षरे लिनक्सवर कुणाहूनही कमी दिसत नव्हती.

१३/
आता देवनागरी. इथे माझा सूर थोडा बदलेल, क्षमस्व.

देवनागरी अक्षर पडद्यावर येण्यासाठी दोन पायऱ्या लागतात. पहिली जुळणी : क्, ष यांचा क्ष करणे, वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवणे. दुसरी उमटवणी, म्हणजे आतापर्यंत पाहिले ते सगळे. रोमन लिपीला पहिल्या पायरीवर फारसे काम नसते. आपल्या लिपीची अर्धी शक्ती तिथेच खर्च होते.

१४/
युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आपल्याकडच्या इस्की या संकेतावर बेतलेली आहे. विंडोजवर २००० साली मंगल फॉन्ट आला, त्याची रेखाटने र. कृ. जोशी यांची. कवी, सुलेखनकार आणि फॉन्टकार अशी तिन्ही नाती एकाच माणसात. लिनक्सवर त्या काळी इंडलिनक्ससारख्या गटांतील स्वयंसेवकांनी भारतीय लिप्यांसाठी खस्ता खाल्ल्या. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले.

पण जुळणी करणारे एक साधन नव्हते. ग्नोममध्ये पँगो, केडीईकडे क्यूटीचे वेगळे, ओपनऑफिसात आयसीयूचे तिसरेच. एकच शब्द ब्राउझरमध्ये शुद्ध दिसे आणि लेखनासाठी ऑफिसात नेला की मोडे.

१५/
उदाहरण घेऊ. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. पहिल्या सह्याद्रीच्या, दुसरा कोकणच्या किनाऱ्याचा. मराठीत हा फरक केवळ त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र मुळे टिकतो. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी लिहिता येतो : खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र’ नंतर न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. जुळणीच्या साधनाला पहिला मार्ग ठाऊक नसेल, तर पाय मोडलेला टिंबाचा ऱ सुटा दिसे. दुसऱ्या मार्गात एखाद्या प्रोग्रॅमने ते अदृश्य चिन्ह गाळून टाकले, की अर्धा र रफार होऊन डोक्यावर चढे.

मग ‘किल्ल्याभोवतीच्या खोल दऱ्या’ असे लिहिलेले ‘खोल दर्या’ होऊन येई. आचाऱ्यास वाढलेले ताट आचार्यास जाई! हे तुम्हाला विनोदी वाटेल, पण ज्याने एखाद्या जुन्या मोहिमेचे वर्णन टंकून ठेवले आणि दहा वर्षांनी उघडले, त्याला सैन्य दरीत उतरले की समुद्रात, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

१६/
ही अंदाधुंदी संपवली हार्फबझने. फ्रीटाइपमधून निघालेली जुळणीची संहिता, तिचे पुढे बहदाद इस्फहबुद यांनी नव्याने लेखन केले. नावाचा उगम फारसी ‘हर्फ-ए-बाज’, म्हणजे खुले अक्षर. (जुनी दफ्तरे वाचणाऱ्यांना हर्फ हा शब्द परका वाटू नये.) आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड, ग्नोम या सगळ्यांच्या पोटात तेच आहे.

२०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी आली आणि पुढच्याच वर्षी हार्फबझमध्ये सर्व लिप्यांसाठी सामाईक जुळणीयंत्रणा आली. आज तुम्ही लिनक्सवर मोडी टंकू शकता, ते त्यामुळे. लोहितमध्येही हिंदी, मराठी, कोकणी यांचे वेगवेगळे फॉन्ट जाऊन एकच देवनागरी राहिला. मजकूर मराठीचा आहे असे सांगितले की मराठी वळणाचा ल आणि श त्याच फॉन्टमधून निघतो. या पायरीवर मी पूर्ण समाधानी आहे.

१७/
माझी तक्रार दुसऱ्या पायरीची आहे.

तेरा पिक्सेल आठवतात? रोमन लिपी त्यांत सुखाने नांदते. देवनागरीला तेवढ्याच जागेत शिरोरेषा हवी, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार हवेत आणि खाली उकार हवेत. ‘कर्तृत्व’ किंवा ‘मूर्तींना’ हे शब्द तेरा पिक्सेलांत बसवून पाहा. आणि शिरोरेषा ही तर संबंध शब्दभर जाणारी एकच रेषा. ती नेमकी पिक्सेलांच्या ओळीवर बसली तर ठसठशीत दिसते. दोन ओळींच्या मध्ये पडली तर एका काळ्या रेषेऐवजी दोन करड्या रेषा होतात. प्रत्येक अक्षराचे हिंटिंग सुटे सुटे झाले, तर एकाच शब्दात ती एका अक्षरावर वर आणि शेजारच्यावर खाली जाते. सांध्यावर कडांच्या करड्या छटा एकमेकींवर पडून गडद ठिपका उमटतो, तो वेगळाच.

म्हणजे कमी पिक्सेलांच्या पडद्यावर हिंटिंगची गरज सर्वांत जास्त कुणाला होती? आपल्याला.

१८/
आणि मिळाले काय? फ्रीटाइपच्या स्वयंचलित हिंटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठी पहिली स्वतंत्र फाइल आली ती २००७ ची, रेड हॅटमधील एका भारतीय अभियंत्याच्या नावाची. ती उघडून पाहा. आत देवनागरीचे स्वतःचे असे गणित जवळजवळ नाही. प्रत्यक्ष काम चिनी-जपानी-कोरियन अक्षरांसाठी लिहिलेल्या कार्यांकडे सोपवले आहे. चौकोनात बसणाऱ्या चित्राक्षरांचा अंगरखा शिरोरेषेच्या लिपीला चढवलेला!

यात त्या अभियंत्याला दोष देणे अन्यायाचे होईल. काहीच नव्हते तिथे त्याने काहीतरी ठेवले. उसना अंगरखा उघड्या अंगापेक्षा बरा. पुढे देवनागरीला स्वतःचे पट्टे मिळाले : शिरोरेषेची पातळी कुठली, वरच्या मात्रांची कुठली, खालच्या टोकांची कुठली. पण ते मिळेपर्यंत पंगत उठत आली होती.

१९/
कारण याच दशकात वरच्या वर्गाने पडदे बदलले. २७ इंची फोर-के पडद्यावर एका इंचात १६० हून अधिक पिक्सेल असतात, चांगल्या लॅपटॉपवर त्याहूनही जास्त. इतक्या दाट पडद्यावर हिंटिंगची गरज उरत नाही, रंगपट्ट्यांची तर नाहीच. ॲपलने २०१८ च्या मोहावी आवृत्तीत रंगपट्ट्यांची पद्धत काढून टाकली.

लिनक्सही त्याच वाटेने गेले. २०१९ मध्ये पँगो १.४४ ने फॉन्ट वाचण्याचे काम हार्फबझकडे सोपवले आणि जुने बिटमॅप फॉन्ट त्यातून बाहेर पडले. ज्यांच्या टर्मिनलमध्ये वर्षानुवर्षे एकच हाताने ठिपके बसवलेला फॉन्ट होता, त्यांना एका सकाळी त्याच्या जागी चौकोन दिसले. डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आले. त्यात अक्षरे ग्राफिक्स कार्डाकरवी रंगवली जाऊ लागली आणि रंगपट्ट्यांची सोय गेली, फक्त करड्या छटा उरल्या. साध्या पडद्याच्या लोकांनी अक्षरे धूसर दिसतात अशी ओरड केली, तेव्हा पुढच्या आवृत्त्यांत काही सवलती परत दिल्या गेल्या.

२०/
हे बदल करणाऱ्यांची बाजू मला कळते आणि ती खोटी नाही. रंगपट्ट्यांची पद्धत पारदर्शक पृष्ठभागावर फसते, पडदा फिरवला की फसते, ओलेड पडद्यांवर पट्ट्यांची मांडणी निराळी असल्याने तिथेही फसते. अक्षर एकदा रंगवून साठवायचे आणि हवे तिथे सरकवायचे, हे हिंटिंग असताना अवघड जाते. हे सगळे सांभाळणारी माणसे मूठभर आहेत. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित हेच केले असते.

पण ‘आता सर्वांकडे दाट पडदे आहेत’ असे जेव्हा गृहीत धरले जाते, तेव्हा मला विचारावेसे वाटते, सर्वांकडे म्हणजे कुणाकडे?

२१/
आमच्याकडच्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात मी दर रविवारी जातो. जुन्या मासिकांची आणि काही खासगी कागदांची यादी करायचे काम चालले आहे. तिथला लॅपटॉप साडेपंधरा इंची, १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलांचा. हिशेब करा, इंचाला शंभर. विंडोजची नवी आवृत्ती त्यावर चालत नाही, म्हणून लिनक्स घातले आहे. अशाच जुन्या यंत्रांना जीवदान देते म्हणून आपण लिनक्सची थोरवी गातो ना?

गेल्या वर्षी त्याच्यावरील प्रणाली नवी केली. यादी करणाऱ्या काकू साठीच्या पुढच्या. दुसऱ्याच रविवारी म्हणाल्या, “अरे, अक्षरं पुसट झालीत की माझा चष्मा बदलायला आलाय?” मी म्हणालो, “चष्मा ठीक आहे काकू, अक्षरंच बदललीत.” शिरोरेषा सगळीकडे दुहेरी करडी झाली होती. अनुस्वार आणि रफार एकमेकांत विरघळले होते. आकार वाढवला की यादीचे रकाने पडद्याबाहेर जात. शेवटी जुन्या धाटणीचा दुसरा प्रोग्रॅम शोधून दिला, हिंटिंग पूर्ण केले, तेव्हा काम पुढे सरकले. पण मधल्या दोन आठवड्यांत केलेल्या नोंदी तपासताना ‘मूर्ती’ आणि ‘मूर्तीं’ असे घोळ निघाले ते निघालेच.

२२/
म्हणून माझे मत असे. रोमन लिपीला कमी पिक्सेलांच्या पडद्यावर हाताने घडवलेल्या हिंटिंगचा सुवर्णकाळ मिळाला, लिनक्सवर तो पेटंटांमुळे उशिरा मिळाला, पण मिळाला. देवनागरीला तो मिळालाच नाही. भिंती पडेपर्यंत आणि आपल्या लिपीचे पट्टे तयार होईपर्यंत तो प्रश्नच कालबाह्य ठरवण्यात आला. ज्यांनी तो कालबाह्य ठरवला त्यांच्या घरी तो खरोखर संपला होता. वाचनालयातल्या काकूंच्या टेबलावर तो संपलेला नाही.

मागणी छोटी आहे : दाट पडद्यांना दाट पडद्यांचे द्या, पण उभ्या दिशेचे हिंटिंग, निदान शिरोरेषेपुरते, साध्या पडद्यांवर आपोआप लागू राहू द्या. ते शोधून चालू करण्याची जबाबदारी काकूंवर नको. आणि ही मागणी आपणच केली पाहिजे. रोमन वाचणाऱ्याला शिरोरेषा दुहेरी झाल्याचे दिसणारच नाही.

२३/
जाता जाता अभ्यासक म्हणून एक गोष्ट. ताम्रपटाचा मजकूर आणि त्याचे अक्षर एकाच पत्र्यावर असते. संगणकावर मजकूर टिकतो, अक्षर टिकत नाही. २००३ मध्ये लिहिलेली मराठी संचिका आज उघडली तर ती आजच्या हार्फबझने जुळवलेली आणि आजच्या फ्रीटाइपने उमटवलेली दिसेल. त्या वेळच्या वाचकाला ‘दऱ्या’ दिसल्या की ‘दर्या’ दिसला, हे त्या संचिकेत कुठेही नोंदलेले नाही. त्याचा पुरावा एकच : त्या काळी कुणी सहज काढून ठेवलेले पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट. आणि ते कुणी जपत नाही.

२४/
तेव्हा जुन्या हार्ड डिस्क, सीडी, महाविद्यालयातले प्रकल्प धुंडाळा. २०१० पूर्वीच्या लिनक्सच्या पडद्यावर मराठी मजकूर दिसणारे कुठलेही चित्र सापडले, कितीही मोडके असले तरी, या थ्रेडखाली टाका. सोबत वर्ष, वितरणाचे नाव, प्रोग्रॅम आणि आठवत असेल तर फॉन्ट लिहा. ज्यांच्याकडे आज साधा पडदा आणि जीटीके ४ चा एखादा प्रोग्रॅम आहे, त्यांनी त्यात ‘सह्याद्रीच्या दऱ्या, कोकणचा दर्या, मूर्तींना’ एवढे टंकून त्याचे चित्र काढावे. आकार मोठा करू नका, आहे तसेच हवे. दोन्हींची यादी मी करतो आहे. काकूंनी रकाने आखून दिले आहेत.